चॅपलमधला पंचांचा बाक

मंडळी, इंटरनेट जोडायला फोनची लाइन मोकळी मिळाली म्हणून लगेच ही ईमेल लिहितोय. आज सकाळी मी आणि मेश्राम काकू पेनसिल्व्हेनियात एक जुनं वेल्श चॅपल बघून आलो. आपल्या बुद्धविहारासाठी ते मिळू शकतं. वेल्समधून पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला आलेल्या लोकांनी ते बांधलंय.

आर्किटेक्ट म्हणून सांगतो, इमारत भक्कम आहे आणि एकदम साधी. मूर्ती नाही, रंगीत काचा नाहीत. तिन्ही बाजूंना लाकडी गॅलरी, समोर उंच व्यासपीठ. तिथून हळू बोललं तरी शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येतं.

किल्ली ॲलिसबाईंकडे होती. वय ऐंशीच्या पुढे, चॅपलच्या उरलेल्या चार सभासदांपैकी एक.

"बाकांचं काय करणार?" त्यांनी विचारलं.

आम्ही वंदनेला जमिनीवर बसतो, बाक काढावे लागतील, असं मी खरं ते सांगितलं. त्या आम्हाला पुढे व्यासपीठापाशी घेऊन गेल्या.

व्यासपीठाखाली एक अर्धगोल, कोरीव बाक आहे. "तो पंचांचा, चॅपलचा कारभार बघणाऱ्यांचा," त्या म्हणाल्या. "माझे वडील तिथे बसायचे."

"आणि तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"बायका तिथे बसत नसत. मी जन्मभर वर गॅलरीत गायले."

काकूंनी त्यांचा हात धरला. "मग आज बसा ना."

ॲलिसबाई बसल्या. पाचेक मिनिटं रिकाम्या चॅपलकडे बघत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, "फार टणक आहे. हाही काढा."

मला मात्र तो ठेवावासा वाटतोय. रविवारच्या मीटिंगमध्ये ठरवायचंय. तुम्ही काय कराल?