अकरा नावं आणि विहिरीची बारी

शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा माझ्या वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं होती. पायथन, जावा, डेटाबेस, क्लाउड, एआय आणि आणखी सहा. खुटबाववरून पुण्याला जाणाऱ्या डेमू लोकलमध्ये आम्ही कॉलेजची पाच-सहा पोरं रोज एकाच डब्यात बसायचो आणि रोज कुणीतरी नवं नाव घेऊन यायचं. "हे येत नसेल तर नोकरी विसर," असं उरुळी स्टेशन यायच्या आत ठरलेलं असायचं. मी निमूट वही काढायचे. प्रत्येकाचे चार-चार धडे बघून झाले होते, पाचवा एकाचाही नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण माझ्याकडे बघूनच केली असावी.

पुण्यातला एक क्लास हे सगळं सहा महिन्यांत शिकवतो म्हणे. वडिलांनी तिथे जागा धरून ठेवली होती. हो की नाही, हे मला रविवारपर्यंत सांगायचं होतं. कॅम्पसच्या मुलाखती फेब्रुवारीत होत्या आणि तिथे दाखवायला माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं.

म्हणून त्याच आठवड्यात मी विहिरीवर शहाणपणा केला.

आमची विहीर सात घरांची सामाईक. दिवसाला आठ तास लाइट असते, तेवढी एका घराची बारी, म्हणजे पाण्याची पाळी, मग पुढच्या घराची. कुणाची बारी कधी, हे सगळं वडिलांच्या चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या डोक्यात. मी एक व्हिडिओ बघत बघत दोन दिवसांत ॲप जोडलं. आठ तास संपले की पुढच्या घराला मेसेज. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी फुगले.

गुरुवारी भरदुपारी तीन तास लाइट गेली. ॲपने मात्र वेळेवर पुढच्या घराला मेसेज धाडला. शुक्रवारी सकाळी मोटरच्या स्टार्टरपाशी दोघं उभे. शेजारच्या काकूंचा अर्धा ऊस कोरडा, आणि पुढच्या घरचे मामा खोरं घेऊन हजर. मोबाइल दाखवत म्हणाले, "ह्यात माजंच नाव हाय." काकू ऐकेनात. शेवटी आप्पा आले.

"लाइट गेली की बारी तिथंच थांबती," ते मला म्हणाले. "मोटर चालंल तेवढाच येळ मोजायचा. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत होतं! लहानपणापासून त्याच विहिरीवर उसाला दारं धरलीत मी. पण व्हिडिओतल्या गावात लाइट जात नव्हती, म्हणून माझ्या ॲपमध्येही गेली नाही.

शनिवारी दुरुस्त करायला बसले. कोडच्या चारशे ओळी. त्यात वेळ नेमकी कुठे मोजली जाते, तेच सापडेना. एक जागा बदलली तर मेसेज जायचे बंद, दुसरी बदलली तर सातही घरांना एकदम. मीच केलेलं मला वाचता येत नव्हतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. संध्याकाळी आप्पांना सांगितलं, "तूर्तास तुम्हीच सांगा बारी." ते नुसतं "बरं" म्हणाले. ते "बरं" मला फार लागलं.

रविवारी वडिलांना म्हटलं, क्लास नको. त्यांनी क्लासला फोन करून जागा सोडली. मग म्हणाले, "फेब्रुवारीत रडत येऊ नको." मी वही काढली आणि नऊ नावं खोडली. पायथन ठेवलं, डेटाबेस ठेवला, आणि खाली स्वतःच्या मनाने तिसरं लिहिलं: आपली चूक आपण शोधणे. डेमूत सगळ्यांनी खुळ्यात काढलं. काढू देत.

जुनं ॲप पुसून टाकलं. नियम एकच, जी ओळ मला समजावून सांगता येत नाही ती आत जाणार नाही. रोज थोडं लिहायचं, मुद्दाम मोडायचं, का मोडलं ते शोधायचं. मोटर चालू-बंद झाली की ज्याची बारी त्याने मोबाइलवर बटण दाबायचं, वेळ तेवढीच मोजायची. दिवाळी होऊन गेली तेव्हा कुठे ते उभं राहिलं. मी मोबाइल घेऊन विहिरीवर गेले. आप्पांच्या बारीत लाइट गेली. त्यांनी बंदचं बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत बसले. नाव बदललं नाही, वेळ थांबलेली.

"ह्ये समदं तुजं तूच?"

"व्हय. प्रत्येक ओळ."

"मंग एक ऱ्हायलंय. माणूस गेलं तर दहाव्यापातूर त्याची बारी मोडत न्हाईत. पुढच्या घरानं त्याचं रान भिजवायचं. घाल ते. माज्या माघारी कुणाला इचारशील?"

मी तिथेच कठड्यावर बसून लिहिलं. कुठे घालायचं ते मला शोधावं लागलं नाही. पण तपासायला सातांपैकी एक नाव गेलेल्यांत घालायला हवं होतं, आणि माझं बोट काही पुढे सरेना.

"माजंच घाल की," आप्पा म्हणाले.

घातलं. त्यांची बारी तशीच राहिली, आणि पुढच्या घराला जाणारा मेसेज पडद्यावर आला की आप्पांचं रान भिजवा. त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

"बराबर हाय," म्हणाले.

माझे डोळे भरून आले होते. तरी आधी मी त्यांचं नाव जिवंतांत परत घातलं, आणि ते नीट लागलंय ना, हे तीनदा तपासलं.