पहिल्या नंबरचं गाव

गावाचं नाव मी सांगणार नाही. चूक माझी होती, त्यात त्याची उगाच बदनामी नको. दिल्लीबाहेर, मानेसरचे कारखाने मागे टाकून पुढे गेलं की कुठेतरी ते आहे, एवढं पुरे.

झालं असं, की बाबा गेल्यावर मी आईला तिच्या साताऱ्याकडच्या तालुक्याच्या गावातून दिल्लीत, द्वारकेला आणलं. ती इथे इतक्या लवकर रुळली की मलाच नवल वाटलं. सोसायटीच्या बागेत मैत्रिणी जोडल्या, मोडक्या हिंदीत भाजीवाल्याशी वाद घातले. मी ऑफिसातून परतले की लिफ्टच्या दारापर्यंत फोडणीचा वास यायचा. चाळिशी ओलांडलेली बाई मी, पण रोज शाळेतून घरी आल्यासारखं वाटायचं. मग दिवाळी झाली, हवा बिघडली आणि आईचा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, इथला हिवाळा यांना झेपणार नाही.

"मग मी आपली घरी जाते," आई म्हणाली. जसं काही बाजारात जाऊन येते.

मला ते मुळीच नको होतं. आई एकदा परत गेली की पुन्हा यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नोकरीत दिवसभर आकड्यांशीच झटते, त्यामुळे मी आकड्यांनाच साकडं घातलं. द्वारकेहून सकाळी निघून दहाच्या चहाला पोचता येईल अशी छोटी गावं निवडली आणि सरकारी संकेतस्थळांवर जे जे उघडं ठेवलेलं असतं ते खणून काढलं. हवा, नळाचं पाणी, दवाखान्यातल्या खाटा, वीज, रस्त्यावरचे अपघात. प्रत्येक गोष्टीला रकाना, प्रत्येक गावाला ओळ, शेवटी गुण. अर्थात हवेला सगळ्यात जास्त वजन. हवा चांगली निघेल तिथे आईसाठी घर भाड्याने घ्यायचं आणि दर शनिवारी आपण जायचं, असा माझा बेत होता.

नवरा सोफ्यावरून बघत होता. "यार, लग्नाआधी माझाही असाच तक्ता केला होतास का?"

"केला असता तर तू या सोफ्यावर नसतास," मी म्हटलं.

एका गावाने बाकीच्यांना पार मागे टाकलं. हवेत तर पैकीच्या पैकी. माझा आनंद गगनात मावेना. रविवारी आईला शाल गुंडाळून गाडीत बसवलं आणि वाटभर मी तिला त्या गावाचे गुण वाचून दाखवले. आई खिडकीबाहेर बघत "बरं, बरं" म्हणत होती.

गाव जवळ आलं तशी समोर विटांच्या भट्ट्यांची धुरांडी दिसायला लागली. धूर निघत नाही असं एकही धुरांडं नव्हतं. त्यापुढे खडी फोडायचं यंत्र आणि त्याच्यासमोर ट्रकांची रांग. झाडांची पानं पिठात लोळल्यासारखी. नवऱ्याने घाईघाईने काचा वर घेतल्या. आईने पदर नाकाला लावला आणि पदराआडूनच विचारलं, "हीच का गं ती पहिल्या नंबरची हवा?"

हसू दाबताना नवऱ्याचे खांदे हलत होते. मला इतका राग आला की मी त्याला गाडी गावाच्या पार पलीकडे न्यायला लावली. तिथे मोहरीच्या शेताकडेला एक ढाबा होता आणि धूळ बरीच कमी होती. मी फोनवर तक्ता उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या गावात हवा मोजायचं यंत्रच नव्हतं. चौकट रिकामी होती. माझ्या सूत्राने रिकाम्या चौकटीला शून्य धरलं, म्हणजे प्रदूषण शून्य, म्हणजे गुण पैकीच्या पैकी.

आईने जन्मभर शाळेत गणित शिकवलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "मुलगा पेपरलाच आला नाही तर मी त्याला कधी शून्य दिलं नाही," ती म्हणाली. "गुणपत्रकात 'गैरहजर' लिहायचे. तू तर गैरहजराला वर्गात पहिला आणलास."

नवऱ्याचा चहा नाकात गेला. मी रागावायचा प्रयत्न केला, पण आईच हसायला लागली, आणि मग मलाही आवरेना. ढाबेवाल्याच्या आईला काय कळलं कोण जाणे, तीही हसत आली आणि आमच्यासाठी उन्हात खाट टाकून गेली. मुळ्याचे पराठे आले, त्यावर लोण्याचा गोळा. "और खाओ जी, दुबली हो," असं ती माझ्या आईला म्हणाली, तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की बघ, याला म्हणतात गुण देणं.

खाऊन झाल्यावर आईने विचारलं, "यात आपलं गाव घातलंस का?"

नव्हतं घातलं. ते वर येईल आणि आई जाईल, ही भीती होती. तरी आता तिच्यादेखत ओळ वाढवली. पाणी बरं, खाटा बऱ्या, अपघात कमी. यंत्र तिथेही नव्हतं.

"लिही गैरहजर," आई म्हणाली. "तिथे मला कधी खोकला आला नाही, माझ्यापुरतं तेवढं पुरे. आता आणखी एक रकाना कर. मुलगी."

मी केला. तिच्या गावाच्या ओळीवर बोट थांबलं. काय लिहायचं ते मला कळत होतं, पण आईनेच सांगितलं, हजेरी घेतात त्या साध्या आवाजात. "गैरहजर."

"शून्यच की गं ते, आई."

"नाही. गैरहजर मूल पुढच्या परीक्षेला येऊ शकतं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर जाऊन बसले आणि थंडीचे महिने घरून, म्हणजे आईच्या घरून, काम करायची परवानगी मागितली. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण मी तक्ता दाखवायची धमकी दिल्यावर ते "अच्छा, चलो" म्हणाले. नवरा सुट्ट्या जोडून येऊन-जाऊन राहणार होता. संक्रांतीनंतर दिल्लीची हवा जरा निवळली की मी आणि आई दोघी द्वारकेला परत येणार, हे आईकडून आधीच कबूल करून घेतलं.

तिच्या घरी पहिल्या सकाळी मी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले होते. आई हात पुसत आली, म्हणाली, "तो तक्ता काढ." तिने चष्मा लावला, शेवटच्या रकान्यातला शब्द खोडला आणि एका बोटाने अक्षरं शोधत शोधत लिहिलं, हजर.

"चल आता," ती म्हणाली, "पोहे गार होतायत."