सायलस फ्रेझरने भरलेल्या दरजा

चार्ल्सटनमधल्या जुन्या घरांच्या भिंतींबद्दल काही अडलं, की लोक सायलस फ्रेझरला बोलावत. वय त्र्याहत्तर, गुडघे गेलेले. पण विटेवर थापीची मूठ वाजवून ती आतून ओली आहे का, हे तो सांगे आणि ते खरं निघे. गवंडीकामाच्या शाळेत तो पोरांना चुन्याचं काम शिकवायचा.

त्या मार्चमध्ये टॉरन्स हाऊसच्या विश्वस्तांनी त्याला मागचं स्वयंपाकघर दाखवलं. मालकांच्या घरापासून वेगळं, गुलामांनी रांधायचं ते. उत्तरेची भिंत सोलवटत होती. विटांची तोंडं गळून खाली लाल भुकटी साचली होती. या भिंतीतल्या चार विटांवर लहान बोटांचे ठसे होते, ओली वीट उचलताना कुणा गुलाम पोराचे उमटलेले. सायलसची पणजी अशाच विटा भाजणाऱ्या नदीकाठच्या एका भट्टीवर जन्मली होती. चारांतल्या दोन विटांचे ठसे आता गेले होते.

"खारी हवा आणि पुराचं पाणी," विश्वस्तांपैकी मिस कॅरोलाइन म्हणाल्या. "वरून सिमेंटचा गिलावा देऊन टाकू. तुम्ही फक्त हो म्हणा, मिस्टर सायलस."

सायलसने नखाने दोन विटांमधली दरज खरवडली. नख मोडलं. आत सिमेंट होतं आणि खालच्या अंगाला दाबून घेतलेली ती दरज कुणाच्या हातची, हे त्याला लगेच कळलं. चोविसाव्या वर्षी त्यानेच भरली होती. बाप कालवांच्या शिंपल्या भाजून चुना करायचा. तरुण सायलसला त्यात वेळ घालवायचा नव्हता. सहा दिवसांत भिंत उरकली म्हणून ठेकेदाराने पाठ थोपटली होती. पण जुनी वीट मऊ. तिची ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. त्या सिमेंटने बुजल्या, की ओल विटेचं तोंड फोडून वाट काढते.

दुपारी टोमॅटोतला लाल भात खाताना पुतणी डेलोरिसने विचारलं, "काका, गिलावा दिला तर?" तीही गवंडीच.

"पाच-सात वर्षांत आतून भुगा."

"मग सांगा की त्यांना!"

"दरजा कुणी भरल्या, विचारतील."

"ज्या गाढवाने भरल्या त्याचं नाव..." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. "अरे देवा. काका, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना कमी आणि हाच विषय जास्त होईल."

"होऊ दे."

गुरुवारी विश्वस्तांच्या बैठकीत तो टोपी हातात धरून उभा राहिला. "गिलावा देऊ नका. ही भिंत मी मारली आहे."

कुणीतरी हळूच म्हणालं, "तेव्हा सगळेच सिमेंट वापरत."

"त्यांना ठाऊक नव्हतं. मला माझ्या बापाने शिकवलं होतं."

 मग मिस कॅरोलाइन म्हणाल्या, "सिमेंट काढून पुन्हा चुना भरू. पण हे काम आता तुमच्याकडे देता येणार नाही."

"देऊही नका. डेलोरिसला द्या."

सोमवारी डेलोरिसने त्याच्यासमोर पालथी बादली ठेवली. "बसा. हलकी हातोडी, बारीक छिन्नी. घाई केलीत तर घरी पाठवीन. आणि ठसे उरलेल्या त्या दोन विटांपाशी फिरकायचं नाही. त्या मी करणार."

"बरं, बाई," सायलस म्हणाला आणि सगळ्यात खालच्या थरापाशी बसला. दुपारपर्यंत वीतभर दरज मोकळी झाली.