खात्री नसलेलं मशीन

आमच्या लॅबमधून एक पेपर बाहेर पडायला वर्ष जातं, किस्से मात्र रोज बाहेर पडतात. पेपर कुणी वाचत नाही. किस्से कँटीनपर्यंत पोचतात आणि परत येताना थोडे फुगून येतात. त्यातले न फुगलेले तेवढे सांगते.

*

माझे गाइड मल्लिनाथ सर मूळचे अक्कलकोटकडचे. सगळी हयात त्यांनी एकाच कामात घातली: मशीनला माहीत नसेल तर त्यानं तसं सांगावं. आमचं मशीन डोळ्याच्या पडद्याचा फोटो बघतं आणि शुगरनं डोळा बिघडलाय का ते सांगतं. उत्तरं तीन. 'बिघाड आहे', 'नाही', आणि 'खात्री नाही, डॉक्टरांना दाखवा'. हे तिसरं उत्तर म्हणजे सरांचं करिअर.

ते त्यांना सोलापुरातच सुचलं. बाहेरगावचे एक परीक्षक कॉलेजचा पत्ता विचारत निघाले आणि संध्याकाळी पार पुण्याच्या वाटेवरच्या टेंभुर्णीत पोचले. वाटेत प्रत्येकानं त्यांना हात दाखवून, अगदी प्रेमानं रस्ता सांगितला होता.

सर म्हणाले, "वाईट कुणीच नव्हतं. नुसती खात्री लई होती."

*

मशीनच्या पहिल्या आवृत्तीनं प्रत्येक फोटोला एकच उत्तर दिलं. 'खात्री नाही.' म्हणजे एकही चूक नाही! आम्ही पेढे आणले.

सरांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि म्हणाले, "हे सेफ न्हाई. आळशी हाय."

पुढची दोन वर्षं त्याचा आळस काढण्यात गेली.

*

लॅबमधला बसवराज मुलगी बघायला करमाळ्याला गेला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, पोरीला सुखात ठेवाल ना? बसवराज सरांच्या हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, खात्री देता येणार नाही, प्रयत्न करीन.

पोहे अर्धवट राहिले. घरच्यांनी त्याला गाडीतच फैलावर घेतलं.

आठवड्यानं मुलीनं स्वतः फोन केला. आधी आलेल्या सगळ्यांनी छातीठोक 'व्हय' म्हटलं होतं, आणि तिला त्यांचीच भीती वाटली होती. आता दोघं विजापूर रोडला राहतात. सुखात आहेत का, हे विचारलं की बसवराज अजूनही थोडा विचार करतो.

*

बार्शीच्या तपासणी शिबिरात एका आजींना मशीननं 'खात्री नाही, डॉक्टरांना दाखवा' असं सांगितलं. मला वाटलं, आता चिडतील. त्या मशीनकडे बघून म्हणाल्या, "माज्या लेकापरीस बरं हाय. त्यो न बगताच म्हनतो, तुला काय न्हाय झालं."

लेक शेजारीच उभा होता. त्यानं जाऊन डॉक्टरांकडे नंबर लावला.

*

सर यंदा रिटायर होणार होते. एका दवाखान्यानं मशीन कायमचं ठेवून घ्यायचं की नाही, हे तिथले डोळ्यांचे डॉक्टर ठरवणार होते. ते नाही म्हणाले असते तर सरांचं सगळं काम कपाटात गेलं असतं, आणि कपाटाची चावीसुद्धा नवीन सरांकडे.

डॉक्टरांनी आयुष्यात कधी 'माहीत नाही' म्हटलेलं नव्हतं. आम्हाला बघताच ते म्हणाले, "खात्री न्हाय म्हणायला मशीन कशाला लागतंय? आमचा शिपाईबी म्हणतोय की ते."

प्रात्यक्षिकाला पेशंट नव्हता. सर म्हणाले, माझाच डोळा घ्या. मी फोटो काढला. भर खोलीत, सरांच्या तोंडावर, सरांचंच मशीन म्हणालं: खात्री नाही, डॉक्टरांना दाखवा.

बघायला आलेले दवाखान्याचे ट्रस्टी हसले. मला रडू यायचं बाकी होतं. सरांची हनुवटी अजून यंत्रावरच टेकवलेली.

'दाखवा इकडं' म्हणून डॉक्टरांनी फोटो मोठा केला. चष्मा लावून बघितला, काढून बघितला. मग खुर्ची ओढून सरांच्या शेजारी बसले.

"सर, मलाबी खात्री वाटंना. पुण्याला दाखवून घ्या लगेच. आन मशीन हितंच राहू द्या."

मी सरांचा दंड धरला.

सर माझ्याकडे वळले. चेहरा नुसता फुललेला.

"सुजाता, बघितलंस? बरोबर बोललं गं ते!"