हरिभाऊंनी जळाला म्हटलेला कॉम्प्युटर

आमच्या ह्यांना, म्हणजे हरिभाऊंना, जव्हारात मोठा मान. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान टीचभर, पण त्यांनी एखादी वस्तू "गेली" म्हटलं की मोखाड्यापर्यंतचा माणूस ती दुसऱ्याला दाखवायला जात नसे. माणूस सज्जन, पण स्वतःच्या बोलण्यावर भारी विश्वास! मी चिडवायचे, "डॉक्टर व्हायचं होतं तुम्ही, पेशंट तरी उलटून बोलला असता."

१९९४ साली दाभोशाच्या शाळेतल्या पुष्पलताबाई जीपमधून दोन खोकी घेऊन आल्या. एकात भावाने मुंबईहून पाठवलेला त्याचा जुना घरगुती कॉम्प्युटर, कीबोर्डच्याच पोटात सगळं मशीन असलेला. दुसऱ्यात त्यानेच घेऊन दिलेला कोरा मॉनिटर. बाईंना त्यावर पोरांसाठी त्यांच्या घरच्या बोलीत गणितं बसवायची होती. पण जोडलं की पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा.

ह्यांनी मॉनिटर तपासला, ठणठणीत. मग कॉम्प्युटरच गेला, दुसरं काय! "बाई, जोडताना तुमच्याकडून काहीतरी उलटं लागलं. जळाला हा." बाईंचा चेहरा एवढासा झाला. "राहू दे तुमच्याकडेच," म्हणाल्या, आणि मॉनिटर तेवढा भावाला परत पाठवून दिला.

अकरा वर्षं ते मशीन आमच्या माळ्यावर. २००५ला एका गिऱ्हाइकाने नवीनच डबा आणला. तो लावला की मॉनिटरवर टीव्ही दिसायचा. डब्यामागचं टीव्हीच्या वायरचं गोल भोक बघून ह्यांना काय आठवलं कोण जाणे, शिडी लावून माळ्यावर चढले. बाईंच्या मशीनला मागे तसंच भोक होतं. मधे डबा घालून वायर जोडली, आणि मॉनिटरवर स्वच्छ अक्षरं उभी राहिली.

हे खुर्चीत बसले ते बसलेच. कॉम्प्युटर कधी जळालाच नव्हता. तो टीव्हीच्या चालीने चित्राच्या रेघा सोडणारा, आणि बाईंच्या त्या कोऱ्या मॉनिटरची चाल त्याच्या दुप्पट. दोघंही धडधाकट, नुसते जुळत नव्हते; ते ह्या डब्याने जुळवून दिलं. त्या दिवशी दुकानात सात टीव्ही होते, एकालाही लावून बघितला नाही ह्यांनी! काखेत कळसा नि गावाला वळसा.

"आता कशाला उकरून काढता?" रात्री जेवताना मी म्हटलं. "कोणाला कळणार आहे? उगाच नाव जाईल." खोटं कशाला बोलू, मला नावाचीच काळजी होती. ह्यांनी ताट बाजूला सारलं. "अगं, दोष मी बाईंच्या माथी मारला. तो अजून तिथेच आहे."

गिऱ्हाइकाकडून डबा दोन दिवस मागून घेतला. मशीन मांडीवर धरून हे जीपमध्ये बसले. मीही गेले, एकटं कसं सोडणार! शाळेत लाइट नव्हती, ती दुपारी तीनला आली. शाळेला नवा कॉम्प्युटर मिळाला होता, त्याचाच मॉनिटर ह्यांनी डब्याला जोडला. अक्षरं आली. बाई बघतच राहिल्या.

"जळाला नव्हता, बाई. तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं."

मला वाटलं होतं, बाई हसतील, जाऊ द्या म्हणतील. त्या भडकल्या. "अकरा वर्षं, हरिभाऊ! भावाला सांगितलं मी, माझ्या हातून जळाला म्हणून. दोन वर्षांपूर्वी हा नवा आला, तर मी त्याला शिवले नाही. खोलीची चावी दुसऱ्या गुरुजींकडे दिली. पोरं म्हणायची, बाई, तुम्ही दाखवा ना. मी म्हणायचे, मला नाही येत!"

हे मशीनसमोरून बाजूला झाले. मधे बोलायला मला तोंड होतं कुठे, उकरू नका म्हणणारी मीच!

बाई टेबलाजवळ आल्या. हात पदराला पुसले, कोरडेच होते तरी. एक बोट पुढे केलं आणि ते कीबोर्डच्या बटणाच्या वरच थांबलं.

"दाबू?" त्यांनी विचारलं.

तीस वर्षं शाळा चालवलेली बाई, स्वतःच्याच मशीनला हात लावायला ह्यांची परवानगी मागत होती. हे "दाबा" म्हणायला गेले आणि तिथेच उभ्याउभ्या रडले.