पहिलीत एक मुलगी कमी

त्या दिवशी ओसरीवर बसून मी दहा मिनिटं जिल्हा परिषदेच्या शाळेची तारीफ केली आणि अकराव्या मिनिटाला सगळी पाण्यात घालवली. जिच्यासाठी आलो होतो त्या मुलीच्या बापाने सहज विचारलं, “सर, तुमचा पोरगा मॅडमच्याच शाळेत शिकला असंन ना?” आणि चहात साखर किती, असं कुणी विचारल्यासारखं मी सांगून टाकलं, “नाही नाही, तो वर्ध्याले कॉन्व्हेंटमध्ये होता. चांगली शाळा होती.”

शेवटचं वाक्य तर कुणी विचारलंही नव्हतं.

मॅडम म्हणजे माझी बायको. देवळीच्या पुढे आत वळलं की एक लहानसं गाव लागतं, तिथल्या शाळेत ती शिकवते. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. मी काही सर नाही. मी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो, कापसाच्या गाड्या मोजतो. पण मॅडमचा नवरा म्हणून गावाने मला सर करून टाकलं आणि मीही कधी तक्रार केली नाही. एप्रिल सरता सरता कापूस संपतो, काटा रिकामा होतो, आणि मी वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघेहून बायकोला मागे बसवून घरोघरी पोरं मागत फिरतो. खात्याच्या भाषेत याला पटनोंदणी म्हणतात. भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, लोकांच्या अंगणात उभं राहायचं आणि म्हणायचं, “यंदा पोरीले आमच्याकडेच टाका.”

त्या वर्षी पहिलीला तीन पोरं हवी होती. तीन आली तर शाळेचा पट नियमात बसत होता; दोनच आली तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती. आणि दुसरी शिक्षक माझी बायको होती. अकरा वर्षं ती त्या शाळेत. कोणत्या पोराला कोणत्या पाढ्यात अडायला होतं हे तिला झोपेतही सांगता येतं. दोन घरांनी होकार दिला होता. गावात सहा वर्षांची तिसरी एकच मुलगी उरली होती, आणि आम्ही तिच्याच ओसरीवर बसलो होतो.

मी तसा तयारीनिशी गेलो होतो. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारी गरम खिचडी. वर्गात टीव्ही लागला आहे, तो दाबला की कविता म्हणतो. आनंद मेळाव्यात पोरं भजे विकतात आणि उरलेल्या पैशांचा हिशेब स्वतः करतात. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या कबड्डीत आपल्या पोरींनी मोठ्या गावाला रडवलं. बाप मान हलवत होता. मुलगी खांबाला धरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. अगदी जमून आलं होतं हो.

कॉन्व्हेंट हा शब्द आला आणि बापाची हलणारी मान थांबली. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिचा मालक किराणावाला का असेना. बापाने टोमणा मारला नाही. शांतपणे म्हणाला, “मंग सर, आमच्याच पोरीले काऊन?”

आतून म्हातारीचा आवाज आला, “अवं चहा घ्या ना, निवून राह्यला.” मी तो निवलेला चहा इतक्या मन लावून प्यालो, जणू त्यासाठीच वर्ध्याहून आलो होतो.

येताना बायको मागे बसली होती. तोंडावर दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल. रागावली की हसते आहे, आरशात काही कळेना. मी दोनदा “ऊन फार आहे आज” म्हणून पाहिलं.

खरं सांगायचं तर ओसरीवर बापाने काढला तो विषय बायकोने वीस वर्षांपूर्वीच माझ्यापुढे काढला होता. तेव्हा ती दुसऱ्या एका गावात शिकवायची. पोरगा चार वर्षांचा. ती म्हणाली, “त्याले माझ्यासोबतच नेते ना मी. दुपारी खिचडी खाईल, माझ्या डोळ्यासमोर राहील.” आणि मी म्हणालो, “जिनिंगमधले लोक काय म्हणतील? त्यांचे सगळ्यांचे पोरं कॉन्व्हेंटमध्ये.” माझं अक्षर खराब म्हणून कॉन्व्हेंटचा फॉर्मही तिनेच भरला. शाळा उघडल्यापासून रोज सकाळी साडेसातला दोन गाड्या निघायच्या. पिवळ्या व्हॅनमध्ये आमचा पोरगा रडत जायचा, आणि ती स्कूटरवरून उलट्या दिशेला, दुसऱ्यांच्या पोरांकडे. मी फाटकात मधे उभा राहून दोघांना हात करायचो.

मी स्वतः जिल्हा परिषदेचाच. शनिवारी सकाळची शाळा, मैदानावर कवायत, त्यात माझा डावा पाय नेहमी उजवा निघायचा. पाळीपाळीने अंगण झाडायचं, सडा टाकायचा, फळ्यावर सुविचार लिहायचा. माझी पाळी आली की मी असा सुविचार लिहायचो की गुरुजी तो पुसून पुन्हा लिहायला लावायचे. दुपारच्या सुटीत घरी जाऊन भाकर खाऊन, येताना चिंचा पाडून, घंटा व्हायच्या आत परत. वर्गातले अर्धे आजही आर्वीच्या बाजारात, देवळीच्या स्टँडवर भेटतात. भेटले की आधी शिवी, मग चौकशी.

आमच्या पोराकडे असलं काही नाही. मागच्या दिवाळीत मी त्याला विचारलं, “तुझ्या वर्गातला कोणी भेटतो का रे?” त्याने विचार केला आणि म्हणाला, “बाबा, एक बंगळुरूला आहे म्हणे.” तो स्वतः पुण्याला आहे. रविवारी फोन करतो, नियमित करतो, चांगला मुलगा आहे. पण फोन ठेवल्यावर कधीकधी मला उगाच एक दृश्य दिसतं, जे कधी घडलंच नाही. स्कूटरवर आईच्या पुढ्यात तो उभा आहे, दोन्ही हातांनी आरशाच्या दांड्या धरून, आणि दोघं कपाशीच्या मधल्या रस्त्याने शाळेला चालले आहेत. वारा लागतो आहे. ती त्याला पाढे म्हणायला लावते आहे आणि तो मुद्दाम चुकवतो आहे. मी त्या दृश्यात कुठेच नाही, तरी ते मला फार हवंहवंसं वाटतं.

चार दिवसांनी मी बायकोला न सांगता पुन्हा त्या गावाला गेलो. बाप शेतात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होता. मीही धुऱ्याच्या बांधावरून उतरलो आणि त्याच्यासोबत उपटायला लागलो. कापूस मोजणं आणि पऱ्हाटी उपटणं यात किती फरक आहे हे माझ्या तळहातांना पाच मिनिटांत कळलं. पाणी प्यायला बसलो तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. व्हॅन, रडणं, जिनिंगमधले लोक. “माझं चुकलं त्या वेळी,” मी म्हणालो. “म्हणून सांगून राह्यलो. तुमची पोरगी तुमच्याजवळ राहील. चालत जाईल, चालत येईल.”

त्याने टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, “सर, तुमचं बरोबर आहे. पण तुमचा पोरगा आता कुठं आहे?”

“पुण्याले.”

“कंपनीत?”

“हो.”

“मंग झालं ना,” तो म्हणाला. “मले तेच पायजे.”

उठताना त्याने माझे हात बघितले आणि म्हणाला, “घरी जाऊन तेल लावजा.”

जूनच्या शेवटी शाळा उघडली. आमच्याकडे पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. दाराला तोरण, नव्या पोरांना ओवाळणं, फुगे, गोड जेवण. आणि रंगात पाय बुडवून कागदावर त्यांची पावलं उमटवायची, वर नाव लिहायचं, वर्षभर ती भिंतीवर राहतात. रंगाचं ताट धरायचं काम माझ्याकडे होतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. बायकोने तीन कागद अंथरले होते. दोन भरले. तिसऱ्याजवळ ती उगाच थोडा वेळ बसून राहिली. घडीभराने रस्त्यावर पिवळी व्हॅन आली. खिडकीतून त्या मुलीने आमच्याकडे पाहिलं आणि जोरजोरात हात हलवला, शाळेत कुणीतरी ओळखीचं दिसल्याचा आनंद तिला झाला होता. बायकोनेही हात हलवला. तिच्या बोटांना लाल रंग लागलेला होता. मग तिने तिसरा कागद नीट गुंडाळून कपाटात ठेवला.

पावसाळा संपला तेव्हा आदेश आला. शाळेतली दुसरी जागा गेली. बायकोला आर्वीच्याही पलीकडच्या एका गावात जायचं होतं. शेवटच्या दिवशी तिने हजेरी, कपाटाच्या किल्ल्या, टीव्हीचा रिमोट असं सगळं हेडमास्तरांच्या हाती दिलं. पोरं फाटकापर्यंत आली. चौथीतल्या एकीने विचारलं, “मॅडम, उद्या येजा ना?” बायको म्हणाली, “उद्या सतराचा पाढा म्हणून ठेवजा,” आणि स्कूटरवर बसली.

देवळी येईपर्यंत मी गाडी चालवत राहिलो. मग गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, “माझ्यामुळं गेली तुझी शाळा. तोंड बंद ठेवलं असतं तर...”

तिने दुपट्टा सोडला. रडली असावी, पण आवाज कोरडा होता.

“तुम्ही काय मंत्री लागून गेले का, तुमच्यामुळं जागा जायले? त्या बापाले जे वाटलं ते त्यानं केलं. आपल्या पोराच्या वेळी मी मास्तरीण असून गप्पच बसली होती. मलेही वाटे, तिकडं त्याचं भलं होईल.” जरा थांबून ती म्हणाली, “चला आता. वर्ध्याच्या स्टँडवर जाऊन आर्वीची पहिली बस किती वाजता सुटते तेवढं विचारून या. अन् तिथं दुसरं काई सांगत बसू नका.”