गळाच्या काठीवरचं जोडवं

लाख वितळल्याचा वास आला की मला वडिलांची गळाची काठी आठवते. निजामाच्या राज्यात, छावणीतल्या एका साहेबानं हिंगोली सोडताना ती त्यांना दिली होती. दोरी जिच्यातून जायची त्या पितळी कडीला चीर पडली आणि कयाधू नदीवर दोरी सारखी कापली जाऊ लागली, तेव्हा वडिलांनी तिथं चांदीची कडी रेशमानं बांधून वर लाख लावली. आईनं ती निरखून पाहिली. ते जोडवं होतं, आणि तिची जोडवी तर तिच्या पायांत होती. "कोणाचं हाय हे?" "सोनाराकडलं, मोडीतलं. काहून?" सकाळी काठीवर जुनी चिरलेली कडीच होती, आईच्या गोधडीच्या दोऱ्यानं घट्ट बांधलेली. पुढं दोरी तुटतच राहिली, पण जोडवं कुठं गेलं, हे वडिलांनी एकदाही विचारलं नाही. खरंच मोडीतलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, हे मला आता कळतं.